जनुक शाबूत, तरी मुके: केंद्रकातली जागा आणि शेजार

प्रश्न थोडक्यात असा आहे: जन्मतः बोटांत दोष असलेल्या मुलाच्या एक्सोम तपासणीत, म्हणजे जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीत, काही सापडले नाही. मायक्रोअ‍ॅरेत मात्र, म्हणजे डीएनएचे तुकडे गळाले वा दुप्पट झाले का हे पाहणाऱ्या तपासणीत, एक तुकडा गळालेला दिसला, आणि त्या तुकड्यात एकही जनुक नाही. दोष त्या तुकड्यामुळे असू शकतो का? गुणसूत्रे केंद्रकात कशी बसली आहेत यावर जनुकाचे काम खरेच ठरते, की हे सगळे चित्रे काढण्यापुरतेच आहे?

असू शकतो. पण 'असू शकतो' आणि 'आहे' यांच्यामध्ये बरेच काम पडलेले असते. हल्ली ते काम टाळून रिपोर्टला एक रंगीत नकाशा चिकटवून मोकळे होण्याची सवय लागली आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, मिळून सुमारे ६.४ अब्ज बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या. एका जोडीची उंची ०.३४ नॅनोमीटर धरली तर धागा दोन मीटरच्या वर जातो. केंद्रकाचा व्यास बहुतेक पेशींत ६ ते १० मायक्रोमीटर. हे आकडे ऐकून वाटते की खरी अडचण जागेची असणार. गणित करून पाहा. धाग्याची जाडी २ नॅनोमीटर, तेव्हा दोन मीटर धाग्याचे घनफळ साधारण ६ घन मायक्रोमीटर. ८ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचे घनफळ २७० च्या आसपास. म्हणजे नुसता डीएनए दोन-तीन टक्के जागा खातो. हिस्टोन आणि इतर प्रथिने धरली की वाटा बराच वाढतो, तरी केंद्रक म्हणजे ठासून भरलेले पोते नव्हे. अडचण आहे ती गाठ पडण्याची. धाग्यावर पाच-दहा लाख जोड्यांच्या अंतरावर असलेल्या दोन जागा वेळेवर भेटल्या पाहिजेत, आणि ज्यांनी भेटू नये त्या भेटता कामा नयेत.

पहिली घडी न्यूक्लिओसोमची: आठ हिस्टोनांच्या गोळ्याभोवती १४७ बेस-जोड्यांचे पावणेदोनला थोडे कमी इतके वेढे, मग थोडा मोकळा धागा, पुन्हा गोळा. इथपर्यंत वाद नाही. पाठ्यपुस्तकात याच्या पुढे ३० नॅनोमीटर जाडीचा सुबक वळलेला दोर दाखवतात, तो मात्र जपून घ्यावा. २०१७ मध्ये खऱ्या केंद्रकात क्रोमॅटिनला, म्हणजे प्रथिनांसकट डीएनएला, धातूचा रंग देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या साखळ्या दिसल्या, कुठे दाट तर कुठे विरळ. सुबक दोर दिसला नाही. परीक्षेत तो काढावा लागतो, ती गोष्ट वेगळी.

आता मोठा पल्ला. पेशी विभाजत नसताना गुणसूत्रे एकमेकांत गुंतलेल्या शेवयांसारखी पसरलेली असतात, असा बराच काळ समज होता. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये आणि थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचा टापू असतो असे सुचवले होते, पण पुरावा तोकडा होता. थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या बंधूंनी १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या काही वर्षांत तो सरळ प्रयोगाने तपासला. अतिनील लेझरचा बारीक ठिपका केंद्रकाच्या एकाच कोपऱ्यावर मारायचा आणि इजा कुठल्या गुणसूत्रांना झाली ते पाहायचे. शेवयांचा गुंता असता तर थोडी थोडी इजा बहुतेकांना व्हायला हवी होती. झाली ती मोजक्या गुणसूत्रांना. पुढे फिश, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागावर चमकता रंग चिकटवण्याच्या, तंत्राने अख्खी गुणसूत्रे रंगवता येऊ लागली आणि टापू डोळ्यांना दिसले.

टापू कुठे असतो यालाही काही नियम आहे. १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रे आकाराने फार वेगळी नाहीत, पण १९ वर जनुकांची दाटी आहे आणि १८ वर तुरळक वस्ती. माणसाच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीत १९ मध्याकडे आणि १८ काठाकडे सापडते, हे १९९९ मध्ये वेंडी बिकमोर यांच्या गटाने दाखवले. पण हा कल आहे, आरक्षित आसन नाही. त्वचेतल्या चपट्या फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये गुणसूत्राच्या आकाराचा प्रभाव जास्त पडतो. एका पेशीच्या दोन लेकींतही शेजारी तेच राहतील याची खात्री नसते. जागा बदलतेसुद्धा: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या बी. जे. राव यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की डीएनएला इजा झाली की जनुकांनी दाट असलेले टापू मध्यातून काठाकडे किंवा काठावरून मध्याकडे सरकतात, आणि दुरुस्ती झाल्यावर जवळपास मूळ जागी परततात.

काठ म्हणजे केंद्रकाच्या आवरणाला आतून लागलेले लॅमिन प्रथिनांचे अस्तर. जीनोमचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग या अस्तराला लगटून राहतो. माणसाच्या फायब्रोब्लास्टमध्ये असे तेराशेहून अधिक पट्टे मोजले गेले, एकेक पट्टा १ लाखापासून १ कोटी जोड्यांपर्यंत. यांतली बहुतेक जनुके गप्प असतात. म्हणून काठ म्हणजेच कुलूप का? २००८ मध्ये तीन गटांनी वेगवेगळी जनुके मुद्दाम काठाला बांधून पाहिली. काही मंदावली, काहींना काहीच फरक पडला नाही. उंदीर-मांजरासारख्या निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या दंडपेशींमध्ये तर सगळी मांडणीच उलटी असते. गप्प क्रोमॅटिन मध्यभागी गोळा होते आणि जागती जनुके काठावर जातात, कारण तो दाट गोळा भिंगासारखा प्रकाश पुढे ढकलतो. जनुके तिथेही व्यवस्थित चालतात. काठाजवळ असणे हे बहुधा गप्प असण्याबरोबर येते आणि ते घट्ट करते. एकट्याच्या जोरावर ते जनुक क्वचितच बंद पाडते.

अस्तरच बिघडले तर काय होते ते प्रोजेरियात, म्हणजे मुलांना अकाली म्हातारे करणाऱ्या आजारात, दिसते. लॅमिन-ए च्या जनुकात १८२४ व्या जागी सी चा टी होतो. अमिनो आम्ल तेच राहते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला हा बदल निरुपद्रवी वाटेल. पण तिथे आरएनए कापण्याची खोटी जागा उघडते, ५० अमिनो आम्ले गळतात आणि उरलेले प्रथिन आवरणात रुतून बसते. केंद्रक सुरकुतते, काठाचे दाट क्रोमॅटिन सुटते. लोनाफार्निब हे औषध, अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालेले, त्या प्रथिनाला चिकटणारी मेदाची शेपटीच लागू देत नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र टापूपेक्षा खालच्या पातळीवर आहे. गुणसूत्र आतून काही लाख जोड्यांच्या वाड्यांत विभागलेले असते. २०१२ मध्ये हे वाडे नीट ओळखले गेले आणि त्यांना टॅड हे नाव पडले. वाड्यातल्या जागा आपसात जास्त भेटतात, शेजारच्या वाड्याशी कमी. भिंतीवर बहुतेक वेळा सीटीसीएफ हे प्रथिन बसलेले सापडते. वाडा घडतो कसा, याचे आज सर्वांत पटणारे उत्तर असे: कोहेसिन नावाची प्रथिनांची कडी धाग्यावर चढते आणि अंगठीतून मलमल ओढावी तसा दोन्ही बाजूंनी धागा ओढून वेढा मोठा करत जाते. एनआयपीबीएल तिला चढायला आणि ओढायला मदत करते, वापल तिला उतरवते. वाटेत सीटीसीएफ आडवे आले की कडी अडते. काचेवर एकेक रेणू ठेवून हे ओढणे २०१८-१९ मध्ये प्रत्यक्ष पाहिले गेले. वेग सेकंदाला पाचशे ते हजार जोड्यांच्या घरात, कोहेसिनच्या भावंडाचा, म्हणजे कंडेन्सिनचा, त्याहूनही जास्त.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीटीसीएफ ज्या वीसेक अक्षरांच्या खुणेवर बसते तिला दिशा असते, बाणासारखी. वेढ्याच्या पायाशी दोन बाण समोरासमोर असतील तरच कडी पक्की अडते. पाठ फिरवलेल्या बाणापाशी ती बहुधा पुढे निघून जाते. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने एकच बाण उलटा केला तरी तो वेढा मोडतो. अक्षर एकही गळलेले नसते, नुसती वीस अक्षरे उलटलेली असतात. म्हणून रिपोर्टमध्ये 'सीमेवर सीटीसीएफ आहे' एवढे वाचून थांबू नका. बाण कुठल्या दिशेला आहे आणि जोडीचा बाण कुठे आहे ते पाहा.

याच्या वर आणखी एक पातळी आहे, ए आणि बी विभागांची. जागते क्रोमॅटिन जागत्याजवळ जमते, गप्प गप्पाजवळ. ही प्रक्रिया कोहेसिनवर अवलंबून नाही. कोहेसिन काढले तर हे विभाग उलट जास्त ठळक होतात. ऊतीनुसार विशेष प्रथिनेही मांडणीत हात घालतात. थायमसच्या पेशींतले सॅटबी१ हे त्यांपैकी एक. त्यावर पुण्यात एनसीसीएस आणि पुढे आयसरमध्ये संजीव गलांडे यांच्या गटाने बरेच काम केले आहे.

एन्हान्सर म्हणजे जनुकाला 'आता चालू हो' असे सांगणारी डीएनएची छोटी जागा. ती जनुकाला लागूनच असेल असे नाही. बोटांच्या बाबतीत प्रसिद्ध उदाहरण सॉनिक हेजहॉगचे. हातापायाच्या कळीत, म्हणजे गर्भात हातपाय फुटतात त्या उंचवट्यात, या जनुकाला चालू करणारा सुमारे ८०० अक्षरांचा झेडआरएस हा एन्हान्सर जनुकापासून जवळपास १० लाख जोड्या लांब आहे, आणि तोही एलएमबीआर१ या दुसऱ्याच जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन न घडवणाऱ्या मधल्या तुकड्यात. त्यातले एक अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचे बोट येऊ शकते. सापांच्या झेडआरएसमधून १७ अक्षरे गळाली आहेत. उंदरात सापाचा झेडआरएस घातला तर पाय खुरटे राहिले, आणि ती १७ अक्षरे परत घातल्यावर पाय वाढले. एक्सोम तपासणी यातले काहीच पाहत नाही.

वाडे मोडल्याने बोटे बिघडतात याचे उत्तम उदाहरण २ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे ईपीएचए४ या जनुकाचे क्षेत्र. २०१५ मध्ये श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने त्याचा छडा लावला. ईपीएचए४ च्या वाड्यात हातापायाच्या कळीचे जोरदार एन्हान्सर आहेत. एका बाजूला पीएएक्स३ चा वाडा, दुसऱ्या बाजूला डब्ल्यूएनटी६ आणि आयएचएच ही जनुके. ज्या कुटुंबांत बोटे आखूड होती, त्यांच्यात ईपीएचए४ सकट त्याच्या आणि पीएएक्स३ च्या मधली भिंत गळालेली सापडली. भिंत पडल्यावर इकडच्या विहिरीचे पाणी शेजारच्या बिऱ्हाडाला मिळावे तसे झाले: बोटांच्या एन्हान्सरने पीएएक्स३ लाच चालू केले, आणि ते जनुक त्या जागी चालायलाच नको होते. दुसऱ्या बाजूच्या उलटापालटीने किंवा दुप्पट होण्याने डब्ल्यूएनटी६ भलतीकडे चालू होऊन बोटे जुळली, तर आयएचएच असेच चालू झाल्याने जास्तीची बोटे आली. एन्हान्सर तेच, भिंत कुठे मोडली त्यावर आजार वेगळा.

या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग बातम्यांत येत नाही. उंदरात त्यांनी आणखी एक तुकडा काढून पाहिला, आकाराने जवळपास तेवढाच, पण भिंतीची जागा शाबूत ठेवून. बोटे नीट राहिली. म्हणजे दोष ईपीएचए४ गळाल्याचा नव्हता, किती डीएनए गेला याचाही नव्हता. भिंत गेली का, एवढाच प्रश्न होता. अशी तुलना हाताशी नसेल तर 'टॅडची सीमा मोडली म्हणून आजार' हे विधान अर्धवट समजावे.

आपल्याकडे ज्याचा रोज संबंध येतो असे उदाहरण रक्ताचे आहे. ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर ग्लोबिनची जनुके ओळीने बसली आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. बीटापासून सुमारे ५० हजार जोड्या अलीकडे एलसीआर हा एन्हान्सरांचा गट आहे. तो वाकून गॅमाला भिडतो तेव्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनते, जन्मानंतर तो बीटाला भिडू लागतो. 'हिस्पॅनिक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या थॅलेसेमियात बीटा जनुक अक्षरन् अक्षर शाबूत असते, पण एलसीआरचा मोठा भाग गळालेला असतो. ते अख्खे क्षेत्र बंद, दाट होते आणि उशिरा नकलले जाते. शाबूत जनुक मुके होणे म्हणतात ते हे.

भेट झाल्याने जनुक चालते, की जनुक चालत असल्याने भेट होते? याचे निर्णायक म्हणता येईल असे उत्तरही इथेच मिळाले. २०१२ मध्ये जीएटीए१ हे प्रथिन नसलेल्या, म्हणून वेढा न बनणाऱ्या पेशींत बीटाच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू होते त्या जागेवर, बसेल असे कृत्रिम झिंक-फिंगर प्रथिन घेऊन त्याला एलडीबी१ या प्रथिनाचा आपसात चिकटणारा भाग जोडला. वेढा जबरदस्तीने बनवला आणि बीटा बऱ्याच अंशी चालू झाले. दोन वर्षांनी हीच युक्ती गॅमावर वापरून प्रौढ पेशींत गर्भाचे हिमोग्लोबिन परत आणले.

विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेल आहे, तिथे या तपशिलाला व्यवहारातली किंमत आहे. भारतात आढळणाऱ्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपच्या, म्हणजे त्या जनुकाभोवतीच्या डीएनएच्या एका ठरावीक ठेवणीच्या, रुग्णांत गर्भाचे हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकते आणि तेवढा आजार सौम्य राहण्याकडे कल असतो. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली क्रिस्परची पहिली उपचारपद्धतीही बीटा जनुकाला हात लावत नाही. ती बीसीएल११ए या जनुकाच्या इंट्रॉनमधला, फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चालणारा एन्हान्सर तोडते. बीसीएल११ए हे गॅमाच्या प्रमोटरवर बसून त्याला दाबून ठेवणारे प्रथिन. तांबड्या पेशींत ते कमी झाले की एलसीआरला गॅमा पुन्हा मोकळे सापडते, आणि इतर पेशींतल्या बीसीएल११ए ला धक्का लागत नाही. एन्हान्सर ऊतीपुरता असतो, त्याचा हा थेट फायदा.

भिंत मोडायला तुकडा गळावाच लागतो असे नाही. आयडीएच जनुक बदललेल्या मेंदूच्या ग्लायोमा गाठींत डीएनएवर मिथाइलचा थर वाढतो. सीटीसीएफला मिथाइल लागलेल्या जागेवर बसता येत नाही, भिंत ढिली पडते आणि पलीकडचा एन्हान्सर पीडीजीएफआरए या वाढीच्या जनुकाला भिडतो. डीएनएची अक्षरे वाचून हे कधीच सापडणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण इथेच बहुतेकांचा तोल जातो. २०१७ मध्ये माणसाच्या पेशीरेषेत कोहेसिन काही तासांत नष्ट करून पाहिले. भेटींच्या नकाशावरचे (तो कसा बनतो ते पुढे येईल) वेढे पुसले गेले, तरी बहुसंख्य जनुके जेमतेम हलली. सॉनिक हेजहॉगच्या वाड्याच्या सीमेवरच्या सीटीसीएफ जागा उंदरात काढल्या, पाय नीटच वाढले. फळमाशीच्या उलटसुलट जोडलेल्या बॅलन्सर गुणसूत्रांत कितीतरी वाडे मोडलेले आहेत, पण बहुतेक जनुकांना पत्ताच नाही. स्त्रियांच्या पेशीतले निष्क्रिय एक्स घ्या, १९४९ मध्ये मांजरीच्या चेतापेशींत बार आणि बर्ट्रम यांना दिसलेला तो ठिपका. एक्सआयएसटी हा आरएनए त्यावर पसरतो, बहुतेक वाडे पुसट होतात आणि डीएक्सझेड४ या जागेशी जोडलेले दोन मोठे खंड उरतात. डीएक्सझेड४ काढले तर ते खंड एकमेकांत मिसळतात, तरी एक्स गप्पच राहते.

यातून माझे मत असे झाले आहे: भिंत मोडल्याने आजार तेव्हाच होतो जेव्हा एका बाजूला जोरदार एन्हान्सर असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याचे ऐकणारे, आणि चुकीच्या जागी चालल्यास घात करणारे जनुक असते. दोन्ही असतील तर वीस हजार जोड्यांचा तुकडाही पुरतो. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर दहा लाख जोड्या गेल्या तरी काही होत नाही.

हे नकाशे कुठून येतात आणि कुठे फसवतात तेही माहीत हवे. हाय-सी मध्ये, म्हणजे डीएनएच्या कुठल्या जागा एकमेकींना भेटतात ते मोजण्याच्या पद्धतीत, दहा लाख ते पन्नास लाख पेशी १ ते २ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये १० मिनिटे ठेवून जवळच्या जागा जखडतात आणि ग्लायसीन घालून थांबवतात. केंद्रक न फोडता आतच एमबीओआय सारख्या एन्झाइमने जीएटीसी या खुणेशी डीएनए कापतात, म्हणजे सरासरी दर २५६ जोड्यांना एक काप. कापलेली टोके बायोटिन लावलेल्या अक्षराने भरून लायगेजने जोडतात. मग प्रोटिनेज-के आणि ६५ अंशांवर रात्रभर ठेवून जखडण सोडवतात, ३०० ते ५०० जोड्यांचे तुकडे करून बायोटिनचे तेवढे स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांवर धरतात आणि दोन्ही टोकांनी वाचतात.

बिघडते ते बहुतेक पहिल्या आणि मधल्या पायरीला. जुनी, पांढरा साका बसलेली फॉर्माल्डिहाइडची बाटली वापरली तर जखडण अर्धवट होते. जास्त वेळ ठेवले तर एन्झाइम आत शिरत नाही आणि न कापलेले तुकडे वाचनात भरतात. केंद्रके फुटली तर डीएनए बाहेर येऊन ज्याला त्याला जोडला जातो. याची खूण सोपी आहे: वेगवेगळ्या गुणसूत्रांमधल्या जोडांचे प्रमाण फुगते. चांगल्या लायब्ररीत एकाच गुणसूत्रातले जोड साठ-सत्तर टक्क्यांच्या वर असावेत. नसतील तर पुढे पैसे घालू नयेत. बारकाईचा हिशेबही वाईट आहे. चौकट दहापट लहान करायची तर वाचने शंभरपट लागतात, कारण नकाशा दोन मितींचा आहे. २०१४ मधल्या एक हजार जोड्यांच्या नकाशाला ४९० कोटी भेटी मोजाव्या लागल्या.

शिवाय तो नकाशा लाखो पेशींची सरासरी असतो. नकाशात वाडा त्रिकोणासारखा दिसतो. त्या त्रिकोणाच्या टोकावरचा गडद ठिपका पाहून वेढा तिथे कायम बांधलेला आहे असे वाटते. २०२२ मध्ये उंदराच्या जिवंत मूलपेशींत एफबीएन२ या जनुकाचा वेढा प्रकाशमान ठिपक्यांनी मोजला गेला, तेव्हा तो पूर्ण मिटलेला असण्याचे प्रमाण ३ ते ६.५ टक्के वेळच निघाले, आणि एकदा मिटला की १० ते ३० मिनिटे टिकला.

एकेका पेशीत पाहायचे तर फिश. त्यात सर्वांत जास्त होणारी चूक स्लाइडची. कॅरियोटाइपसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे तपासण्यासाठी, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवून, ३:१ मिथेनॉल-अ‍ॅसेटिक आम्लात घट्ट करून, वरून थेंब टाकून पसरवतात. तुकडा आहे की नाही हे पाहायला ती स्लाइड उत्तम. अंतर मोजायला मात्र निरुपयोगी, कारण केंद्रक पापडासारखे चपटे झालेले असते. अंतर मोजायचे तर ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, मग ट्रायटनने आवरण सच्छिद्र करणे, आणि कुठल्याही टप्प्यावर स्लाइड सुकू न देणे. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला आडव्या दिशेत २०० ते २५० नॅनोमीटरच्या खालचे वेगळे दिसत नाही, उभ्या दिशेत त्याहून वाईट. दोन ठिपके एकमेकांवर दिसले म्हणजे जागा चिकटल्या असे लिहू नये. निदान शंभरेक केंद्रके मोजावीत आणि सरासरीऐवजी अंतरांचा पूर्ण पसारा द्यावा.

आता तुमचा रिपोर्ट. आधी तुकड्याचे आकडे जीनोमच्या कुठल्या आवृत्तीवर दिले आहेत ते पाहा. जीआरसीएच३७ आणि ३८ या दोन आवृत्त्यांमध्ये तीच जागा लाखो जोड्यांनी सरकलेली असू शकते, आणि चुकीच्या आवृत्तीवर भिंत शोधली की ती सापडतेच, फक्त दुसऱ्याची. मग तुकड्याच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस लाख जोड्यांत बोटांशी संबंधित जनुके कोणती, आणि हातापायाच्या कळीत चालणारा एन्हान्सर कुठल्या बाजूला आहे ते पाहा. मुलाच्या बोटांचा दोष त्या जनुकाच्या जास्त, कमी किंवा भलतीकडे चालण्याशी जुळतो का? जुळत नसेल तर बाकी सगळे सुंदर असले तरी थांबावे.

नंतर आईवडिलांची तपासणी. तोच तुकडा बोटे नीट असलेल्या आई किंवा वडिलांकडेही असेल तर संशय बराच कमी होतो, जरी काही बदल घरातल्या सगळ्यांत सारखे दिसत नाहीत. दोघांकडेही नसेल तर वजन वाढते. निरोगी लोकांच्या जीनोम-संग्रहांत तोच तुकडा वारंवार दिसतो का, हेही त्याच वेळी बघून घ्यावे. २०२० च्या एसीएमजी-क्लिनजेन या, बदल आजाराचा आहे का हे गुणांनी ठरवणाऱ्या, पद्धतीत जनुक किंवा माहीत असलेली महत्त्वाची नियामक जागा नसलेल्या गळतीला सुरुवातीलाच उणे ०.६० गुण मिळतात. म्हणून प्रयोगशाळेने 'अर्थ अनिश्चित' लिहिले असेल तर ती हयगय नाही, नियमाने तेच येते. नियामक जागेचा पुरावा तुमच्या बाजूने भरावा लागतो.

मायक्रोअ‍ॅरेच्या मर्यादाही ध्यानात घ्या. काही गळाले किंवा दुप्पट झाले तरच ती बोलते. जागच्या जागी उलटलेला किंवा दुसरीकडे जोडला गेलेला, पण घटला-वाढला नसलेला भाग तिला दिसत नाही. कॅरियोटाइपला असा भाग दिसायला तो साधारण ५० लाख ते १ कोटी जोड्यांचा असावा लागतो. मधल्या आकारांसाठी लांब वाचनांचे संपूर्ण जीनोम किंवा ऑप्टिकल मॅपिंग करावे. गळालेल्या तुकड्याच्या काठावर उलटापालटही झालेली असणे विरळ नाही, आणि ती कळल्यावर अर्थच बदलतो.

'रक्तातला आरएनए मोजून पाहू' असे कोणी सुचवेल. बोटांच्या दोषात त्याचा फारसा उपयोग नाही. हातापायाची कळी घडण्याचा काळ गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातच सरतो, आणि मुलाच्या रक्तात त्या एन्हान्सरला काम नसते. वाड्याच्या भिंती मात्र बऱ्याचशा सगळ्या ऊतींत सारख्या असतात. त्यामुळे त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर किंवा रक्तपेशींवर हाय-सी केले तर दोन वाडे एक झाले का, एवढे कळू शकते. कुठले जनुक बिघडले ते त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी तोच बदल उंदरात करून पाहावा लागतो, किंवा तोच बदल आणि तोच दोष असलेले दुसरे कुटुंब सापडावे लागते.

हाय-सी करायचे ठरले तर नमुन्याची काळजी आधीच घ्या. साठवलेला डीएनए त्याला चालत नाही, कारण मांडणी काढतानाच मोडलेली असते. शाबूत पेशी लागतात. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीतले रक्त डीएनए काढायला योग्य. पेशी वाढवायच्या असतील तर हिरव्या टोपीची सोडियम हेपॅरिनची नळी द्यावी, ती न गोठवता, शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी, आणि मुलाबरोबर आईवडिलांच्या नळ्याही त्याच दिवशी पाठवाव्यात.